चेहऱ्याचा पक्षाघात आणि मेकअप: डोळा मिटत नसेल तर काजळ कसं लावायचं?

मेकअपचा कुठलाही रील उघडा. सूचना ठरलेल्या असतात. "छान हसा आणि गालाचा जो भाग वर येतो तिथे ब्लश लावा." "डोळा मिटा आणि लायनर ओढा." "भुवई उचला, म्हणजे आकार कळेल." "लिपस्टिक लावून झाली की ओठ एकमेकांवर दाबा."

आता विचार करा, की चेहऱ्याची एक बाजू हलतच नाही. हसल्यावर एकच गाल वर येतो. एक डोळा पूर्ण मिटत नाही. एकच भुवई उचलली जाते आणि ओठ दाबायला गेलं की कोपऱ्यातून हवा निसटते. म्हणजे त्या रीलमधली एकही सूचना उपयोगाची नाही. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्यांना आरशासमोर रोज हाच अनुभव येतो. त्यात घरात लग्न असेल किंवा नोकरीची मुलाखत असेल, तर विचारायलाच नको.

अशा चेहऱ्यासाठी मेकअप आणि केसांची रचना करता येते, चांगली करता येते. पण तिचे नियम वेगळे आहेत आणि त्यातले काही सौंदर्याचे नसून डोळा वाचवण्याचे आहेत. ते का, हे समजायला आधी आत काय बिघडतं ते पाहू.

तोंड वाकडं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

मेंदूतून निघणारी सातवी नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून बाहेर येते आणि चेहऱ्यावर फांद्यांसारखी पसरते. कपाळाला आठ्या घालणं, डोळा मिटणं, नाकपुडी फुलवणं, हसणं, ओठ मिटून पाणी पिणं ही सगळी कामं तिची. ही नस सुजली, दबली किंवा कापली गेली की त्या बाजूचे स्नायू ढिले पडतात.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे बेल्स पाल्सी. एकोणिसाव्या शतकात या नसेचा अभ्यास करणारे स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्यावरून हे नाव पडलं. दर वर्षी एक लाख लोकांत साधारण १५ ते ३० जणांना तो होतो. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याचा धोका जास्त. कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होऊन कानात फोड आणि चेहऱ्याचा पक्षाघात झाला तर त्याला रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात. २०२२ मध्ये गायक जस्टिन बीबरने व्हिडिओ टाकून आपला न मिटणारा डोळा दाखवला होता, तो हाच आजार. याशिवाय कानाची किंवा लाळग्रंथीची शस्त्रक्रिया, अपघात आणि गाठी ही कारणंही असतात.

इथे एक गोष्ट मेकअपच्या आधी. चेहरा अचानक वाकडा झाला असेल तर 'वारं लागलं असेल' म्हणून तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बेल्स पाल्सीत स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. आणि कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडत असतील, पण तोंडाचा कोपरा लोंबत असेल, हात जड वाटत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे मिनिटं मोजावी लागतात.

दिलासा देणारी बाब अशी की बेल्स पाल्सी बहुतेकदा जाते. कोपनहेगनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या एका मोठ्या पाहणीत उपचार न घेतलेल्यांपैकीही सुमारे ७१ टक्के लोक पूर्ण बरे झाले होते. बऱ्याच जणांत पहिल्या तीन आठवड्यांत सुधारणा दिसू लागते. म्हणून या काळात भुवयांचं मायक्रोब्लेडिंग, ओठांचं टॅटूइंग असं काहीही कायमस्वरूपी करून घेऊ नका. आज खाली आलेली भुवई तीन महिन्यांनी आपल्या जागी गेली, तर तिच्यावर काढलेली रेघ मात्र भलतीकडेच राहील.

आधी डोळा, मग बाकी सगळं

आपण पापण्या मिटतो तेव्हा अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरतो आणि धूळ धुऊन निघते. पक्षाघातात हे काम थांबतं. डोळा मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरा भाग दिसत राहतो. खालची पापणीही सैल पडते, त्यामुळे पाणी गालावर ओघळतं. डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे डोळा ओला आहे असं वाटतं, पण तो आतून कोरडा पडलेला असतो.

अशा डोळ्यात पावडर आयशॅडोचा कण, ग्लिटर किंवा मस्काराचा सुटलेला तुकडा गेला तर तो तिथेच बसतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडतो. ओरखड्याची जखम होऊ शकते आणि जखमेचा डाग नजर कमी करू शकतो. कानाच्या नसेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या काही जणांत तर या पडद्याची संवेदनाही कमी झालेली असते, म्हणजे टोचलेलं कळतही नाही. त्यामुळे 'दुखत नाही, म्हणजे ठीक आहे' हा हिशेब इथे चालत नाही.

काजळाचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. कित्येकींना काजळाशिवाय चेहरा आजारी वाटतो. तरीही त्या डोळ्याच्या आतल्या कडेला काजळ नको. घरचं तुपाच्या दिव्याचं असलं तरी नको, कारण अडचण शुद्धतेची नाही, कणांची आणि तेलकटपणाची आहे. सुरमा तर अजिबातच नको, त्यात अनेकदा शिसं सापडतं. खोटे पापणीचे केस, त्यांचा डिंक, लॅश एक्स्टेन्शन, वॉटरप्रूफ मस्कारा हेही या डोळ्यापासून लांब ठेवा. वॉटरप्रूफ मस्कारा लावताना त्रास देत नाही, काढताना देतो, कारण तो चोळावा लागतो.

मग करायचं काय? पापणीच्या केसांच्या बाहेरच्या बाजूला, फक्त वरच्या पापणीच्या कातडीवर, मऊ पेन्सिलने बारीक रेघ. आयशॅडो हवीच असेल तर क्रीमची, बोटाने लावलेली. डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब आधी घाला, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, बाहेर आलेलं पाणी टिपून घ्या आणि मग मेकअप सुरू करा. दिवसा वारंवार थेंब घालावे लागतात, तेव्हा पर्समध्ये लिपस्टिकच्या आधी थेंबांची बाटली आणि स्वच्छ टिश्यू.

आणि न मिटणाऱ्या डोळ्यावर रेघ ओढायची कशी? आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि मान न वाकवता नजर खाली न्या. वरची पापणी आपोआप खाली येते. पापणी उचलणारा स्नायू तिसऱ्या नसेवर चालतो, सातव्या नाही. खाली पाहताना तो सैल होतो आणि पापणी उतरते. मिटायची धडपड करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं किंवा खुपायला लागलं, तर मेकअप काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

दोन टप्पे, दोन उलटे चेहरे

इंटरनेटवरच्या सल्ल्यांत सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. 'पक्षाघाताचा चेहरा' असा एकच चेहरा नसतो.

सुरुवातीच्या ढिल्या टप्प्यात आजारी बाजूची भुवई खाली येते, कपाळ गुळगुळीत होतं, डोळा मोठा दिसतो, नाकापासून ओठाकडे येणारी घडी पुसली जाते आणि तोंडाचा कोपरा उतरतो. चांगल्या बाजूचे स्नायू सगळं आपल्याकडे ओढतात, त्यामुळे नाकाखालची मधली खाचही तिकडे सरकते. गंमत म्हणजे वयस्कर माणसाची आजारी बाजू तरुण दिसू लागते आणि चांगली बाजू सुरकुतलेली.

काही जणांत नस बरी होताना तिचे तंतू चुकीच्या स्नायूंना जाऊन मिळतात. मग हसलं की डोळा बारीक होतो, डोळा मिटला की ओठ ओढला जातो. याला सिन्कायनेसिस म्हणतात. आता चित्र उलटतं. आजारी बाजूचा डोळा लहान, घडी खोल, गाल ताठ. पहिल्या टप्प्यासाठी दिलेला सल्ला इथे वापरला तर फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणून आरशासमोर बसल्यावर पहिला प्रश्न हा, की माझी कुठली बाजू सैल आहे आणि कुठली आखडलेली? मेकअप त्यानंतर.

ढोबळ सूत्र हे की गडद रंग मागे ढकलतो, फिका रंग पुढे आणतो. जो डोळा मोठा दिसतो त्याच्या वरच्या रेघेला किंचित जाडी द्या. जो लहान दिसतो तिथे रेघ बारीक आणि, तो डोळा नीट मिटत असेल तर, मस्काराचा हात. खोल घडीवर, ती ज्या बाजूला असेल त्या बाजूला, कन्सिलरची पातळ रेषा. ती गालाच्या रंगापेक्षा थोडीच उजळ असावी आणि चमकणारी नसावी. चमकणारी कुठलीही गोष्ट फुगवटा दाखवते.

भुवयांच्या बाबतीत खालच्या भुवईला ओढून वरच्या भुवईइतकं न्यायचा मोह होतो. ते खोटं दिसतं. दोघींना मध्यावर भेटवा. खाली आलेल्या भुवईचे खालचे थोडे केस काढून वरच्या कडेला पेन्सिल भरा आणि वर गेलेल्या भुवईच्या खालच्या कडेला. दोन-तीन मिलिमीटर पुरतात. टिकली मात्र भुवयांच्या मध्यावर लावू नका, कारण तो मध्यच हललेला असतो. नाकाच्या हाडाची सरळ रेघ वर न्या आणि तिथे लावा. नाकाचं हाड पक्षाघाताने सरकत नाही.

थ्रेडिंगला जाताना पार्लरमधल्या ताईंना आधी सांगा. त्या कातडी ताणून धरायला सांगतील, तेव्हा सैल बाजूला दोन्ही हातांनी नीट धरा, नाहीतर दोरा कातडीत अडकतो. वरच्या ओठाच्या थ्रेडिंगला ओठ आत दाबता येत नाही. पण जीभ वेगळ्या नसेवर चालते, ती शाबूत असते. ओठाच्या आतून जिभेने टेकू द्या, काम होतं.

गाल, ओठ आणि हसण्याचा पेच

फाउंडेशन लावताना सैल गाल दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालून अलगद उचलून धरा आणि थापून लावा. खाली ओढत लावू नका. थर पातळच हवा, कारण चांगल्या बाजूच्या आठ्यांमध्ये तो साचतो आणि सपाट बाजूवर तसाच राहतो. जाड थर दिला की दोन बाजूंतला फरक तासाभरात आणखी ठळक होतो.

ब्लशसाठी हसू नका. चेहरा शांत ठेवा आणि न हलणाऱ्या खुणा धरा. बाहुलीच्या सरळ खाली एक बिंदू, कानाच्या वरच्या टोकाजवळ दुसरा आणि ब्लश या दोहोंच्या मधल्या वाटेवर. सैल बाजूला अर्धा बोटभर वर.

ओठ सगळ्यात कठीण. नाकाखालच्या खाचेवर ओठांची कमान बेतली तर ती एका बाजूला जाते, म्हणून इथेही नाकाच्या हाडाची रेघच मध्य धरा. उतरलेल्या कोपऱ्याखाली थोडा कन्सिलर लावा आणि लायनर कोपऱ्याच्या अगदी टोकापर्यंत न नेता किंचित आधी थांबवा. ओठ दाबून रंग पसरवता येत नाही, तेव्हा बोटाने टिपा. पाणी पिताना त्या कोपऱ्यातून थेंब सुटतात, तिथे ग्लॉस ओघळतो, लिप टिंट किंवा मॅट रंग टिकतो.

आता खरा पेच. हे सगळं तुम्ही शांत चेहऱ्यावर बेतता. पण माणूस बोलतो, हसतो. हसल्याबरोबर एक बाजू उचलली जाते आणि कष्टाने जुळवलेल्या रेघा पुन्हा फाकतात. मेकअप रंग बदलतो, हालचाल देऊ शकत नाही. म्हणून मेकअप झाल्यावर आरशासमोर मोठ्याने चार वाक्यं बोलून बघा. जिथे रेघ खटकते तिथे ती पुसून धूसर करा. माझं मत विचाराल तर या चेहऱ्यावर कडक रेघा टाळलेल्याच बऱ्या. रेघ जितकी काटेकोर, तितकी ती विस्कटलेली दिसते. मात्र काही जणी लालभडक लिपस्टिक मुद्दाम लावतात, लोकांनी बघायचंच आहे तर नीट बघू दे म्हणून. त्यालाही काही उत्तर नाही.

हालचालीचा प्रश्न मेकअपच्या डब्यात सुटत नाही, तो उपचारांत सुटतो. चेहऱ्याच्या फिजिओथेरपीचा अनुभव असलेले तज्ज्ञ आरशासमोर छोट्या, हळू हालचाली शिकवतात. सिन्कायनेसिसमध्ये आखडलेल्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, त्यांचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. डोळा मिटत नसेल तर वरच्या पापणीत सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं छोटं वजन बसवण्याची शस्त्रक्रियाही असते. रीलवर पाहून जोरजोरात फुगे फुगवणं किंवा तोंड वेडंवाकडं करणं टाळा. चुकीच्या जोडण्या झालेल्या नसेला त्यामुळे चुकीचीच सवय लागू शकते.

केसांचं काय?

मधला भांग म्हणजे चेहऱ्यावर ठेवलेली फूटपट्टी. दोन बाजूंची तुलना तो आपोआप करून देतो. तिरका भांग, कानाजवळ थोडी सैल बट, एका बाजूला थोडा फुगवटा यांनी नजर मधल्या रेघेवरून हलते. अगदी घट्ट ओढून बांधलेला अंबाडा आखडलेल्या बाजूला तसाही त्रास देतो. कानामागे किंवा जबड्याखाली शस्त्रक्रियेचा व्रण असेल तर मानेवर बसणारा सैल अंबाडा किंवा एका खांद्यावर घेतलेली वेणी तो झाकते.

पुढे कापलेल्या बटांबद्दल मात्र सावध राहा. खाली आलेली भुवई झाकायला त्या सोयीच्या वाटतात, पण केसाचं टोक डोळ्यात गेलं की चांगला डोळा क्षणात मिटतो, हा मिटत नाही. बट ठेवायचीच तर भुवईच्या वर संपणारी, किंवा बाजूला वळवून पिनेने बसवलेली.

सलूनमध्ये तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. ड्रायरची हवा त्या डोळ्यावर येऊ द्यायची नाही. शक्य असेल तर त्या कानाजवळ ड्रायर मंद ठेवायचा, कारण याच नसेची एक फांदी कानातल्या छोट्या स्नायूला जाते, ती बंद पडली की साधा आवाजही कानठळ्या बसवतो. आणि हेअर स्प्रे, शाम्पू, रंग यांच्या वेळी डोळ्याला आडोसा. घरी डोक्यावरून पाणी घेताना पोहण्याचा गॉगल लावला तर हसण्यासारखं काही नाही, तो उत्तम उपाय आहे. फेशियलच्या वाफेला आणि ब्लीचच्या वासाला या दिवसांत नकार द्या.

चष्म्याची जाडसर वरची कड भुवईच्या रेषेवर बसते आणि दोन्ही भुवयांमधला फरक झाकते, शिवाय वारा अडवते. नंबर नसेल तरी साध्या काचेचा चष्मा घ्यायला हरकत नाही. दुचाकीवर नुसता स्कार्फ पुरत नाही, हेल्मेटची काच खाली हवी.

लग्नात नवरीच असा चेहरा घेऊन उभी असेल, तर नथीचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रीय नथ डाव्या बाजूला. डावीच बाजू सैल असेल तर त्या नाकपुडीची भिंत आत झुकलेली असते आणि श्वास आधीच थोडा अडतो. वजनदार नथ तो आणखी अडवते, म्हणून हलकी घ्या. मुंडावळ्यांची आडवी पट्टी भुवयांच्या अगदी जवळ आली तर तिरकेपणा उघड करते, ती केसांच्या रेषेजवळ बांधा. आणि होमाचा धूर: थेंबांची बाटली करवलीच्या हातात द्या.

कॅमेऱ्यासमोर

आपण आपला चेहरा आयुष्यभर आरशात, म्हणजे उलटा पाहिलेला असतो. फोटोत तो सुलटा येतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर फरक जाणवत नाही, पण वाकड्या चेहऱ्याच्या माणसाला स्वतःचा फोटो परक्याचा वाटतो आणि धक्का बसतो. इतरांना मात्र तुम्ही तसेच दिसत आलेले असता. फोटो काढताना उजेड समोरून घ्या. बाजूचा किंवा डोक्यावरचा उजेड सावल्या पाडतो. मान किंचित वळवा आणि दात दाखवायचा आग्रह धरू नका.

मोठ्या पडद्यावर याची उदाहरणं आहेत. येवल्याच्या ललिता पवार नायिकेच्या भूमिका करत असताना १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डोळ्याची शीर फुटली आणि सुमारे तीन वर्षं उपचार करूनही डावा डोळा बारीकच राहिला. नायिकेच्या भूमिका गेल्या. तोच डोळा पुढे खाष्ट सासूची आणि 'रामायण' मालिकेतल्या मंथरेची ओळख झाला. त्यांच्या अभिनयाचं मोठेपण आहेच, पण बारीक डोळा म्हणजे कपटी बाई, हे समीकरण प्रेक्षक म्हणून आपणही किती सहज मानलं, हे पाहण्यासारखं आहे. 'अनाडी'तल्या मायाळू मिसेस डिसाचा डोळाही तोच होता.

अनुपम खेर यांना 'हम आपके हैं कौन'च्या वेळी पक्षाघात झाला तेव्हा त्यांनी चित्रीकरण थांबवलं नाही. कॅनडाचे जाँ क्रेतियाँ यांच्या तोंडाची एक बाजू लहानपणापासून हलत नव्हती. १९९३ च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांच्या चेहऱ्यावर रोख ठेवून जाहिरात केली, ती त्यांच्यावरच उलटली आणि क्रेतियाँ पंतप्रधान झाले.

रात्री झोपण्याआधी

मेकअप काढणं हे लावण्याइतकंच महत्त्वाचं. तेलकट क्लिन्झर डोळ्यात गेला तर बराच वेळ जळजळ होते, म्हणून कापूस ओला करून नीट पिळा आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, एकाच दिशेने पुसा. कापसाचे धागे मागे राहिले नाहीत ना, हे उजेडात बघा. मस्कारा साधारण तीन महिन्यांनी बदला आणि कुणाशीही वाटून घेऊ नका. मग डॉक्टरांनी दिलेलं मलम डोळ्यात घाला, पापणी बोटाने हळूच खाली आणा आणि कागदी पट्टीने बंद करा. ही पट्टी लावायची पद्धत एकदा नेत्रतज्ज्ञांकडून समोर बसून शिकून घ्या. नीट न बसलेल्या पट्टीखाली डोळा उघडला तर तीच बुबुळावर घासते. डोळ्यावर नुसता कापूस ठेवून झोपू नका. मलमामुळे सकाळी थोडा वेळ धूसर दिसतं, तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं आरशासमोर बसू नका.